एमसीएच पेडियाट्रिक सर्जरी संपत आली : मुंबईतच राहावं की मिरजेला जावं?

पाच_शून्य_प्रोलीन

नमस्कार. इथे बरेच डॉक्टर लिहितात, म्हणून विचारतेय. थोडं लांबेल.

येत्या ऑगस्टमध्ये माझी एमसीएचची (एमएसनंतरच्या सुपरस्पेशालिटीची) परीक्षा आहे. पेडियाट्रिक सर्जरी म्हणजे लहान मुलांची शस्त्रक्रिया, मुंबईतलंच महापालिकेचं कॉलेज. पुढे एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. तो इथेच होईल असं युनिटच्या सरांनी सांगितलंय. म्हणजे नोकरीला अजून वेळ आहे, पण ज्यांच्याशी बोलणी चालली आहेत त्यांना उत्तर आत्ताच हवंय. माझं वय ३५. माहेर डोंबिवली, सासर ठाणे, नवरा ऐरोलीला आयटीत. मुलगी साडेतीन वर्षांची, सासूबाई सांभाळतात. त्यांच्या जिवावरच माझी एमसीएच झाली हे आधीच सांगून टाकते.

समोर तीन वाटा आहेत.

पश्चिम उपनगरातलं एक कॉर्पोरेट हॉस्पिटल ज्युनिअर कन्सल्टंट म्हणून घ्यायला तयार आहे. पहिलं वर्ष मिनिमम गॅरंटी, नंतर फी-फॉर-सर्व्हिस, म्हणजे केसमागे पैसे. तिथे माझ्या विषयाचे दोन सिनिअर सर्जन आधीपासून आहेत. ओपीडीत आलेलं नवं मूल कोणाच्या नावावर लागणार, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "ते टीममध्ये ठरतं" एवढंच उत्तर मिळालं.

दुसरी वाट म्हणजे ठाणे ते बदलापूर फ्रीलान्स. चार-पाच नर्सिंग होम, आठवड्यातून एकेक ओपीडी, बाकी कॉलवर. घर सोडावं लागणार नाही.

तिसरी वाट मिरजेची. बालरोगतज्ज्ञ नवरा-बायकोने उभं केलेलं मुलांचं हॉस्पिटल आहे, वीस खाटांचं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). पगार कॉर्पोरेटपेक्षा जास्त देतायत आणि राहायला फ्लॅटही. ऑपरेशन लागणारी नवजात बाळं आज ते पुण्याला पाठवतात. ती इथेच व्हावीत अशी त्यांची इच्छा आहे.

मला नवजात बाळांचं काम मनापासून आवडतं. टीईएफचं (अन्ननलिका श्वासनलिकेला जोडलेली असते तो जन्मदोष) दोन किलोचं बाळ, उजवीकडून छाती उघडून अन्ननलिकेची दोन टोकं जुळवायची, या कामासाठी मी हा विषय घेतला. एमएस झाल्यावर माझ्या रँकला दुसऱ्या ब्रँच मिळत होत्या. आमच्या ब्रँचच्या जागा देशभर दरवर्षी रिकाम्या राहतात हे माहीत असूनही मी पहिली पसंती हीच भरली. आता सगळे सांगतात, मुंबईत खासगीत गेलीस की हर्निया, हायड्रोसिल आणि सुंता एवढंच हाती राहील. हे खरं आहे का? आणि मिरजेला गेले तर पुन्हा मुंबईत शिरता येतं का?

उल्हासकाठ

डॉक्टर, मी याच विषयात आहे. सतरा-अठरा वर्षं झाली, सगळी ठाणे ते कर्जत या पट्ट्यात. तुमची दुसरी वाट मी रोज चालतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काम ठरवा, गाव त्याच्या मागून येईल. आपल्या विषयात दोन वेगळे धंदे आहेत. एक नवजात बाळांचा, दुसरा पाच-सहा महिन्यांपासून पुढच्या मुलांचा, म्हणजे हर्निया, न उतरलेलं वृषण, हायपोस्पाडियास (लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असणं), पीयूजे (मूत्रपिंडातून लघवी उतरण्याच्या जागी अडथळा), अपेंडिक्स. दुसरा मुंबईत कुठेही उभा करता येतो. पहिला येत नाही, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे.

टीईएफ साधारण तीन ते साडेचार हजार जन्मांमागे एक. हर्शस्प्रंग (आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसणं) आणि गुदद्वाराचे दोष, प्रत्येकी पाच हजारांमागे एकाच्या आसपास. आता डोंबिवलीतलं महिन्याला शंभर बाळंतपणं करणारं चांगलं चालणारं प्रसूतिगृह धरा. वर्षाला बाराशे. तिथे टीईएफचं बाळ तीनेक वर्षांतून एखादं जन्मणार. तुम्ही अशा दहा प्रसूतिगृहांशी जोडल्या गेलात तरी वर्षाला तीन. आणि ती तिन्ही तुमच्याकडे येतीलच असं नाही. गरोदरपणातल्या ॲनॉमली स्कॅनमध्ये काही दिसलं की सोनोलॉजिस्ट आणि गायनॅकॉलॉजिस्ट आईलाच मोठ्या सेंटरला पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. त्यात राज्याचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीतच बाईमागे १.७ मुलांवर आला होता. बाळंच कमी जन्मतायत.

पैशाची बाजू कॉलेजात कोणी शिकवत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यात नवजात बाळ बहुतेक वेळा नव्वद दिवसांनंतरच धरतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून असतं, पण ती किती जणांकडे असते? म्हणजे जन्मतः ऑपरेशन लागलेल्या बाळाचं एनआयसीयूचं बिल आईबाप खिशातून भरतात. चार दिवस भरतात, मग हात जोडून केईएम, सायन, वाडिया किंवा जेजेला हलवतात. मुंबईतलं नवजात बाळांचं काम परळच्या आसपास साचलंय ते यामुळे. खासगीत होतच नाही असं नाही, पण जिथे होतं तिथे रांगेत तुमच्या पुढे कोण उभं आहे ते तुम्हीच लिहिलंय.

मोठ्या मुलांच्या बाबतीतही विमा आडवा येतो. जन्मजात दोषांत बाह्य आणि अंतर्गत असा भेद पॉलिसीत करतात, आणि बाह्य दोष सहसा वगळलेला असतो. हायपोस्पाडियासचं प्रीऑथ (आगाऊ मंजुरीचा अर्ज) पाठवलं की टीपीएचा, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचा, नकार यायचाच. पीयूजेचं मंजूर होऊ शकतं, कारण ते आतलं. फायमोसिसला (शिश्नाची कातडी मागे न जाणं) वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग झाल्याचे रिपोर्ट जोडावे लागतात. आईबापांना हे पहिल्या भेटीतच सांगायची सवय लावून घ्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्री कळलं तर ते मूल घेऊन निघून जातात आणि पुन्हा येत नाहीत.

आता फ्रीलान्सचा आठवडा कसा असतो ते सांगतो. माझ्या गाडीच्या डिकीत तीन मिलिमीटरच्या लॅप्रोस्कोपीच्या हत्यारांचा ट्रे कायम असतो, लहान मुलांचा सिस्टोस्कोप (मूत्राशय बघायची दुर्बीण) वेगळ्या पेटीत, आणि एका डब्यात सहा-शून्य, सात-शून्यचे धागे, फीडिंग ट्यूब, सगळ्यात बारीक फोली कॅथेटर. नर्सिंग होमकडे हे नसतं. त्यांचे रिट्रॅक्टर मोठ्यांच्या पोटाचे असतात. सकाळची केस असली की आदल्या संध्याकाळी ट्रे तिथल्या सिस्टरकडे ऑटोक्लेव्हला द्यायचा. सकाळी टेबलावर वॉर्मर चालू आहे का आणि एसी बंद केलाय का हे स्वतः बघायचं. सलाईन कोमट करायला सांगायचं आणि ते खरंच कोमट आहे का, हात लावून बघायचं. हे दुसरं कोणी करणार नाही.

आणि भूलतज्ज्ञ. हा मुद्दा सगळ्यात वर लिहायला हवा होता. लहान मुलांना भूल देण्यात मुरलेला माणूस बरोबर नसेल तर फ्रीलान्सची वाट धरूच नका. ज्या मॅडमबरोबर मी काम करतो त्यांची तारीख मिळाली नाही तर वर्षाच्या आतलं मूल मी पुढे ढकलतो, मग नर्सिंग होमचा मालक कितीही घाई करो. तुमच्या कॉलेजात आत्ता भूलशास्त्राच्या ज्या रेसिडेंट किंवा लेक्चरर पेडियाट्रिक टेबलावर चांगल्या आहेत, त्यांच्यापैकी कोण ठाण्याच्या बाजूला राहतं हे आजच विचारून ठेवा.

कॉर्पोरेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नवी केस कोणाची, हे करारात लिहून मिळत नसेल तर जाऊ नका. गॅरंटीचं वर्ष सिनिअरच्या केसेसना असिस्ट करण्यात आणि रात्रीचे कॉल घेण्यात जातं. तेराव्या महिन्यात फी-फॉर-सर्व्हिस सुरू होते तेव्हा तुमच्या नावावर पेशंटच नसतात, आणि बाहेर प्रॅक्टिस करायला करार परवानगी देत नाही. चांगली मुलं-मुली यात अडकून तिशी-पस्तिशीची उमेदीची वर्षं घालवताना बघतो, वाईट वाटतं.

नवजात बाळांचं काम तुमच्या जिवाचं असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून ते आहे, तर मी मिरज म्हणेन. नाहीतर शिक्षकाची नोकरी. मुंबईत सहायक प्राध्यापकाची कायम जागा निघते तेव्हा निघते, तोवर कंत्राटावर थांबावं लागतं. घरच्यांना ते चालणार असेल तर तोही पर्याय अजिबात कमी नाही.

बाळगुटी

मी बदलापूरचा बालरोगतज्ज्ञ. म्हणजे वरच्या डॉक्टरांसारख्यांना केस पाठवणारा. तुम्ही फ्रीलान्स करायचं म्हणालात तर तुमचा पेशंट खरं तर माझ्यामार्फत येणार, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो.

मूल फुगलेलं पोट आणि हिरवी उलटी घेऊन रात्री अकराला आलं की मी जो फोन उचलतो त्याला लावतो. डिग्री, गोल्ड मेडल तेव्हा आठवत नाही. दुसरं, पाठवलेल्या मुलाचं काय झालं ते मला कळायला हवं. दोन ओळींचा मेसेज पुरतो. टाके काढायला आणि नंतरच्या तापाला मूल माझ्याकडेच येतं, आणि मला काहीच ठाऊक नसलं की आईसमोर माझी पंचाईत होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. नाभीच्या हर्नियाला "चार-पाच वर्षांचा होईपर्यंत थांबा, बहुतेक आपोआप बंद होईल" असं सांगून मूल परत पाठवणारा सर्जन मला भेटला, तेव्हापासून मी त्यांच्याकडे डोळे मिटून पाठवतो. तीन वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नाही म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख देणारेही आहेत. आईबाप पहिल्यांदा हो म्हणतात, पण आमच्या गावात गोष्ट लपत नाही.

आणि कट. मागणारे भेटतील, माझ्याच व्यवसायातले भेटतील. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत रेफरलसाठी पैसे देणं-घेणं दोन्ही मना आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी, एकदा दिलात की तो पैसा मुलाच्या बिलातून काढावा लागतो. पहिल्या दिवशी नाही म्हणा. सुरुवातीला केसेस कमी येतील. पण कट न घेणारे बालरोगतज्ज्ञ प्रत्येक स्टेशनला आहेत आणि आम्ही एकमेकांना ओळखतो.

कृष्णाकाठी

मी सांगलीत पेडियाट्रिक सर्जन आहे. शिक्षण मुंबईचं, माणूस विदर्भातला, त्यामुळे इथलं कोणीच माझं नव्हतं. तुम्ही म्हणता ते हॉस्पिटल कोणतं ते विचारत नाही, सर्वसाधारण लिहितो.

कामाला तोटा नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे अथणी, चिकोडी, थेट विजयपूरपर्यंतची मुलं मिरज-सांगलीला येतात. थोडं कानडी शिकून घ्या. "नोवु" म्हणजे दुखणं आणि "हालु" म्हणजे दूध एवढं आलं तरी आजीचा चेहरा खुलतो. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं असतात. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी नीट बोलणं ठेवलं की तिथून हर्निया, न उतरलेली वृषणं, हायपोस्पाडियास येतात. त्यातली बरीच मुलं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की हॉस्पिटल योजनेत आहे का आणि पेडियाट्रिक सर्जरी या शाखेसाठी आहे का. नुसतं योजनेत असून भागत नाही.

आता अवघड बाजू. इथे तुम्ही एकट्या असाल. टीईएफला असिस्ट करायला दुसरा पेडियाट्रिक सर्जन नाही, जनरल सर्जरी झालेला मुलगा असेल, त्याला शिकवावं लागेल. हर्शस्प्रंगला फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच तुकड्याची तपासणी) देणारा पॅथॉलॉजिस्ट हाताशी नसेल तर एका बैठकीत पुलथ्रू (निरोगी आतडं खाली ओढून जोडणं) करायचा मोह आवरा. कोलोस्टॉमी (पोटावर शी-ची वाट) करून बायोप्सीची वाट बघा, मग पुढचं. टीपीएन (शिरेतून द्यायचं पोषण) रोज कोण बनवणार ते विचारा. आणि रजा. तुम्ही लग्नाला ठाण्याला गेलात आणि त्याच रात्री मालरोटेशन (आतड्याला पीळ पडू शकतो असा जन्मदोष) आलं तर कोण? मी आणि कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याने एकमेकांच्या रजा वाटून घेतल्यात. तुम्ही आलात तर तिघं होऊ, मला तर आनंदच आहे.

महालक्ष्मी एक्स्प्रेसला रात्री मिरजेत बसलं की सकाळी कल्याण. घरच्यांना हे सांगून बघा.

फोंडाघाट_खालून

मी डॉक्टर नाही. कणकवलीची आहे. धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलाला जन्मल्यावर दोन दिवस शी झाली नाही, पोट ढोलासारखं फुगलं. इथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता घाट चढून कोल्हापूरला पाठवलं. कोणी मुंबईला न्या म्हणत होतं, कोणी गोव्यात बांबोळीला. कोल्हापुरात पोटावर शी-ची वाट काढली, पुढचं ऑपरेशन काही महिन्यांनी झालं. त्या मधल्या महिन्यांत मला काय लागलं ते सांगते. पिशवी इतक्या लहान पोटावर चिकटत नव्हती. सर्जननी स्वतः बसून मलमलच्या जुन्या कपड्याची चौपदरी घडी कशी करायची, आधी झिंकचं मलम किती जाड लावायचं, लंगोट वरून कसा बांधायचा ते दाखवलं. कातडी लाल झाली की मी फोटो पाठवायचे, ते त्याच दिवशी उत्तर द्यायचे. महिन्यातून एकदा तपासायला जाऊन संध्याकाळपर्यंत घरी परत येता यायचं. मुंबई असती तर दर वेळी कोणाच्या तरी घरी राहावं लागलं असतं, आणि आमचं मुंबईत कोणी नाही.

मुलगा आता पहिलीत आहे. ताई, तुम्ही कुठेही जा, पण आमच्या बाजूला अशी माणसं कमी आहेत एवढं लक्षात ठेवा.

पाच_शून्य_प्रोलीन

सगळ्यांचे मनापासून आभार. उल्हासकाठ सर, वर्षाला तीन हा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, आठवड्यातले तीन दिवस घरून काम मिळत असेल तर दोन वर्षं मिरज जमवू, मुलीची शाळा तशीही अजून सुरू व्हायचीय. सासूबाई यायला तयार आहेत का ते मात्र विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

कणकवलीच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. झिंकच्या मलमाचं आमच्या वॉर्डातल्या सिस्टर शिकवतात, आम्ही रेसिडेंट राउंड संपवून निघून जातो. उद्यापासून थांबेन.

सर, दोनच प्रश्न. दोन-तीन वर्षांनी परत आले तर मुंबईत शून्यापासून सुरुवात करावी लागेल ना? आणि मिरजेच्या करारात काय बघू?

उल्हासकाठ

शून्यापासूनच, पण आज सुरू केलंत तरी शून्यच आहे. फरक एवढा की तेव्हा हातात तुम्ही स्वतः केलेल्या नवजात बाळांचं लॉगबुक असेल. मुंबईतल्या चांगल्या युनिटला सिनिअर कन्सल्टंट घेताना तेच बघतात. इथे राहून हर्निये केलेल्याकडे ते नसतं. मधल्या काळात ठाण्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या बैठकीला वर्षातून एकदा तरी हजेरी लावा, नाव लोकांच्या कानावर राहतं.

करारात नोटिसचा काळ दोन्ही बाजूंना सारखा हवा. सोडल्यावर आसपास प्रॅक्टिस करू नये असं कलम असेल तर किती किलोमीटर आणि किती महिने ते लिहून घ्या. जमलं तर काढूनच टाका. इंडेम्निटी विमा (पेशंटने भरपाईचा दावा केला तर उपयोगी पडणारा) हॉस्पिटलचा असला तरी स्वतःच्या नावाचा वेगळा काढा. योजनेच्या केसमध्ये तुमचा वाटा पॅकेजच्या किती टक्के, आणि तो दावा मंजूर झाल्यावर मिळणार की डिस्चार्जनंतर, हे आधी ठरवा. बिलाचे पैसे लगेच येत नाहीत, ती वाट तुम्ही का बघायची? भूलतज्ज्ञ कोण, हे नाव घेऊन विचारा आणि त्यांना भेटून या. एमसीएचची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये निकाल लागताच करून घ्या, राहून जाते.

बॉण्डच्या वर्षात लहान मुलांची एंडोस्कोपी जेवढी करता येईल तेवढी करा. मूत्रमार्गातल्या व्हॉल्व्हचं फल्गरेशन (दुर्बिणीतून जाळून काढणं) स्वतःच्या हाताने करायला सरांकडे मागा. मिरजेला मागे उभं राहून सांगणारं कोणी नसेल.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा दुपारी एनआयसीयू बघून समाधान मानू नका. मुक्काम करा, रात्री नऊच्या ड्युटीला पुन्हा आत जा. व्हेंटिलेटरवरच्या दोन बाळांमागे एक नर्स आहे का ते बघा. नसेल तर पगाराचं बोलण्याआधी ते मागून घ्या.